पाच्छापूरचा पातशहा

प्रश्न दोन भागांत आहे. औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध उठला आणि एका बनावट पत्राने एका रात्रीत त्याचा निकाल लागला, हे खरं का? आणि अशा हरलेल्या शहजाद्याला आश्रय देऊन संभाजी महाराजांनी औरंगजेबाला स्वराज्यावर ओढवून घेतलं का?

सतराव्या शतकाचे कागद वाचण्यात आणि शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. दुसरा प्रश्न तर मला गडावर, वर्गात, लग्नाच्या पंगतीतही विचारला गेला आहे. आधी थोडक्यात सांगतो. पत्राची हकीकत खरी आहे, पण अकबर त्या पत्राआधीच हरला होता. आणि दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असं आहे. मात्र ते नुसतं 'नाही' म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

अकबराचा जन्म औरंगाबादेत, ११ सप्टेंबर १६५७ चा. त्याच आठवड्यात तिकडे दिल्लीत शहाजहान आजारी पडला आणि त्या आजारातूनच चार भावांचं युद्ध पेटलं. म्हणजे हा मुलगा पाळण्यात असताना त्याचा बाप स्वतःच्या बापाविरुद्ध बंडाची जुळवाजुळव करत होता. आई दिलरसबानू बाळंतपणानंतर महिन्याभरात वारली. औरंगाबादचा बीबी का मकबरा तिचाच. आईवेगळ्या या पोराचा बापाला जीव होता, आणि थोरली बहीण झेबुन्निसा हिने त्याला आईची माया दिली. या बहिणीचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. १६७२ मध्ये त्याचं लग्न झालं ते सलीमाबानूशी. ती सुलेमान शिकोहची मुलगी, औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा याची नात. दारा आणि सुलेमान शिकोह या दोघांनाही औरंगजेबाने संपवलं होतं. त्यांच्याच घरातली मुलगी त्याने सून म्हणून आणली.

आता बंडाकडे येऊ. १६७८ च्या अखेरीस जोधपूरचे महाराजा जसवंतसिंह खैबरच्या तोंडाशी जमरूदला वारले. मागे वारस नव्हता. दोन महिन्यांनी लाहोरात अजितसिंहाचा जन्म झाला, पण तोवर बादशहाने मारवाड खालसा करायला घेतलं होतं. एप्रिल १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लागू झाला. दुर्गादास राठोड यांनी तान्ह्या अजितसिंहाला दिल्लीतून सोडवून नेलं, मेवाडचे महाराणा राजसिंह राठोडांच्या बाजूने उभे राहिले, आणि अरवलीच्या दोन्ही अंगांना युद्ध पेटलं. अकबराकडे चितोडची जबाबदारी होती. राजपूत समोरासमोर लढेनात. ते रसद मारत, रात्री छावणीवर पडत, पुन्हा डोंगरात गडप होत. आपल्याला हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. बादशहाने चिडून अकबराला चितोडवरून हलवलं आणि मारवाडच्या बाजूला धाडलं. बापाची खरमरीत पत्रं आणि हाताखालच्या लोकांसमोर झालेली मानहानी, हे तेवीस वर्षांच्या शहजाद्याला सोसलं नाही.

त्याच्या फौजेचा खरा कारभारी होता तहव्वुरखान. राजपुतांचं बोलणं याच्यामार्फत सुरू झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की तुझा बाप राजपुतांना तोडून तुझ्या खापरपणजोबाने उभं केलेलं राज्य बुडवतो आहे. तू तख्तावर बस, आम्ही तुझ्या मागे आहोत. ऑक्टोबर १६८० मध्ये महाराणा राजसिंह वारले, त्या दुखवट्यात काही दिवस गेले, पण जयसिंह गादीवर आल्यावर बोलणं पुरं झालं. जानेवारी १६८१ च्या आरंभी नाडोलला अकबराने स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केलं. औरंगजेबाने इस्लामी कायदा मोडल्यामुळे त्याचा तख्तावरचा हक्क संपला, असा फतवा चार मौलवींनी दिला होता. एरवी धर्माचा आधार घेणाऱ्या बादशहावर त्याच्याच मुलाने तेच हत्यार चालवलं.

इथे थांबून नकाशा डोळ्यांसमोर आणा. औरंगजेब अजमेरला होता. थोरल्या मुलांच्या मोठ्या फौजा दूर मेवाडच्या डोंगरांत अडकलेल्या. त्याच्याजवळ लढणारे लोक दहा हजारांच्या आसपास, आणि त्यांतही हुजऱ्या-कारकुनांचा भरणा. नाडोल ते अजमेर अंतर सुमारे १२० मैल. अकबराची स्वतःची फौज आणि वर राठोड-सिसोदियांचे घोडेस्वार मिळून बापाच्या कितीतरी पट. तो तीन-चार दिवसांत अजमेरच्या वेशीवर धडकला असता तर हिंदुस्थानचा इतिहास काय झाला असता, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

त्याला पंधरा दिवस लागले.

त्या पंधरा दिवसांत त्याने दरबार भरवले, तहव्वुरखानाला अमीर-उल-उमरा केलं, पदव्या आणि मनसबी वाटल्या. नवा बादशहा असल्यासारखा तो थाटात मजल दरमजल करत निघाला, तख्त अजून बापाच्या बुडाखाली आहे हे विसरून. आणि या सबंध प्रकरणातली मला सगळ्यांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी: त्याच दिवसांत शिहाबुद्दीनखान नावाचा तरुण सरदार सिरोहीकडून बादशहाच्या मदतीला दौडत निघाला, आणि त्यानेही १२० मैलच काटले, पण दोन दिवसांत. हाच शिहाबुद्दीनखान पुढच्या वर्षी नाशिकजवळच्या रामसेजला वेढा घालून बसला आणि हात हलवत परतला, म्हणून आपल्याकडे माहीत आहे. रामसेजवर त्याचं काही चाललं नाही, पण अजमेरच्या वाटेवर त्याच्या घोड्यांनी बादशाही राखली असं म्हणायला हरकत नाही. पाठोपाठ अकबराचा थोरला भाऊ मुअज्जम फौजेसह येऊन मिळाला. त्याच्यावरही बापाचा भरवसा इतका की, त्याला फौज मागे ठेवून फक्त मुलांना घेऊन पुढे येण्याचा हुकूम झाल्याची हकीकत आहे.

म्हणून म्हणतो, अकबर पत्राआधी हरला. रोज एक-दोन सरदार त्याच्या छावणीतून निसटून बादशहाकडे जात होते. जिंकणाऱ्याच्या बाजूला असावं हा मोगल सरदारांचा साधा हिशेब होता, आणि पंधरा दिवसांत तो हिशेब फिरला.

मग ती रात्र. अजमेरच्या दक्षिणेला दोराई म्हणून जागा आहे. बावीस वर्षांपूर्वी, मार्च १६५९ मध्ये, औरंगजेबाने दाराचा शेवटचा पराभव इथेच केला होता. दोन्ही फौजा समोरासमोर येऊन उतरल्या, सकाळी लढाई व्हायची. तहव्वुरखानाचा सासरा इनायतखान बादशहाच्या छावणीत होता. त्याच्याकडून जावयाला निरोप लिहवला गेला: ये, माफी मिळेल, न आलास तर तुझ्या बायकांची अब्रू चव्हाट्यावर आणि मुलं गुलामांच्या बाजारात. तहव्वुरखान कुणालाही न सांगता रात्री उठून गेला. बादशाही डेऱ्याच्या दाराशी हत्यार ठेवायला सांगितलं, त्याने नकार दिला, बाचाबाची झाली आणि तो तिथेच मारला गेला.

दुसरीकडे औरंगजेबाने अकबराच्या नावे एक पत्र लिहून ते राजपुतांच्या हाती पडेल अशी तजवीज केली. त्यात मुलाची शाबासकी होती: ठरल्याप्रमाणे राजपुतांना छान जाळ्यात आणलंस, उद्या तुझ्या आणि माझ्या फौजांमध्ये त्यांना चिरडू. दुर्गादास पत्र घेऊन खुलासा मागायला अकबराच्या डेऱ्यावर गेले. शहजादा झोपला आहे, उठवायची आज्ञा नाही, असं खोज्यांनी सांगितलं. ते तहव्वुरखानाच्या डेऱ्यावर गेले. तो बादशहाकडे गेल्याचं तिथे कळलं. आता दुर्गादासांच्या जागी कोणीही असता तर काय समजला असता? पत्र खोटं होतं, पण भोवतालची प्रत्येक गोष्ट त्याला साक्ष देत होती. पहाटेपूर्वी राजपूत घोड्यांवर बसले, हाती लागेल ते सामान लुटलं आणि निघून गेले. अकबर जागा झाला तेव्हा एवढ्या मोठ्या छावणीत त्याच्याजवळ साडेतीनशे स्वार उरले होते.

बायको सलीमाबानू, पोरंबाळं, खजिना मागे टाकून तो पळाला. नेकुसियर हा त्याचा दोन वर्षांचाही नसलेला मुलगा बापाच्या बापाच्या हाती सापडला. बहिणीने, झेबुन्निसाने, त्याला लिहिलेली पत्रंही त्या सामानात मिळाली. तिचा सालीना चार लाखांचा तनखा बंद झाला, मालमत्ता जप्त झाली आणि तिला दिल्लीच्या सलीमगडात कोंडण्यात आलं. १७०२ मध्ये मरेपर्यंत ती कैदेतच राहिली.

फसवणूक दोन-तीन दिवसांत दुर्गादासांच्या लक्षात आली. या माणसाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे, तो इथून सुरू होतो. बंड संपलं होतं आणि अकबर आता निव्वळ ओझं होता. तरी ते परत फिरले आणि पळणाऱ्या शहजाद्याला आपल्या संरक्षणात घेतलं, कारण शब्द दिला होता. मागे मुअज्जमची फौज, प्रत्येक घाटावर, प्रत्येक उतारावर बादशाही चौक्या. डुंगरपूर, बांसवाडा करत, मोगलांना हुलकावण्या देत, नर्मदा ओलांडून बागलाण आणि मग त्र्यंबकच्या बाजूने त्यांनी अकबराला कोकणात उतरवलं. १६८१ च्या जूनचा आरंभ होता. सोबत चारेकशे स्वार.

कोकणातला जून म्हणजे काय ते मी सांगायला नको. सुधागडाच्या पायथ्याशी, पालीच्या परिसरात, त्याची राहण्याची सोय केली गेली. गवताने शाकारलेलं मोठं घर, आतून पांढरं कापड लावलेलं. ते ठिकाण कागदांत पातशहापूर म्हणून येतं. आजही सुधागडला जाताना तुम्ही ज्या गावातून चढाई सुरू करता त्या पाच्छापूरचं नाव त्यावरूनच पडलं. दिल्ली-आग्र्याच्या महालांत वाढलेला माणूस त्या धो धो पावसात, कुडाच्या भिंतींआड स्वतःला हिंदुस्थानचा बादशहा म्हणवून घेत बसला होता. मी तिथे आषाढात एकदा मुक्काम केला आहे. ढग खाली उतरले की समोरचा गडसुद्धा दिसत नाही, दिल्ली तर लांबच.

आणि इकडे स्वराज्याची परिस्थिती? शिवछत्रपती जाऊन वर्ष झालं होतं. ज्या जानेवारीत अकबराने नाडोलला बादशाही जाहीर केली, त्याच जानेवारीत रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि महिनाअखेर मराठ्यांनी बुऱ्हाणपूरचं बहादुरपुरा लुटलं. दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. अकबर कोकणात येण्याच्या चार महिने आधीच बादशहाला दक्षिणेत यायला पुरेसं कारण मिळालं होतं. विजापूर आणि गोवळकोंडा घेण्याची इच्छा तर त्याला शहजादा असल्यापासून होती. अकबर आला नसता तर औरंगजेब कदाचित वर्ष-दोन वर्षं उशिरा आला असता. आलाच नसता, हे मला पटत नाही. अकबरामुळे बदललं ते एवढंच की औरंगजेबाने जून १६८१ मध्ये मेवाडशी घाईने तह केला, सप्टेंबरात अजमेर सोडलं आणि नोव्हेंबरात बुऱ्हाणपूर गाठलं. पुढची पंचवीस वर्षं तो दक्षिणेतच राहिला आणि इथेच मेला.

संभाजी महाराज अकबराला लगेच भेटले नाहीत, पाच महिने लावले, याचा काही जण अनास्था असा अर्थ काढतात. पण मधल्या काळात काय घडलं ते पाहा. अण्णाजी दत्तो आणि इतर काही बड्या मंडळींनी महाराजांना काढून राजारामांना पुढे करण्याचा कट केला आणि त्यासाठी मदत मागितली ती याच पाहुण्याकडे. अकबरासमोर मोठा मोह होता. दुर्गादासांच्या सल्ल्याने त्याने ते सगळं महाराजांना कळवलं. कटवाल्यांना देहदंड झाला. त्यांत अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी होते. याच हिरोजींना काही महिन्यांपूर्वी अकबराच्या स्वागताला पाठवलं होतं. घरात अशी आग लागलेली असताना महाराज नोव्हेंबरात पातशहापूरला गेले आणि भेट झाली. माझ्या मते अकबराने आश्रयाचं ऋण त्या एका निरोपाने फेडलं होतं.

आश्रय देण्यामागे मोठा राजकीय विचारही होता, हे सांगणारा एक कागद आहे. संभाजी महाराजांनी आमेरच्या राजा रामसिंहांना संस्कृतात पत्र पाठवलं. हे रामसिंह मिर्झाराजे जयसिंहांचे पुत्र. आग्र्यात शिवाजी महाराजांसाठी ज्यांनी जामीन दिला होता तेच. आशय असा की, तुमच्या वडिलांनी औरंगजेबाला दिल्लीच्या गादीवर बसवण्याचं श्रेय घेतलं, आता अकबराला बसवून ते तुम्ही घ्या. अकबर आणि दुर्गादास आमच्याकडे आहेत, आपण मिळून उठाव करू. राजपूत आणि मराठे एकाच वेळी उत्तर-दक्षिणेतून उठले असते तर? ही कल्पना खुळी मुळीच नव्हती. रामसिंह हलले नाहीत, एवढंच.

इथून पुढची पाच-सहा वर्षं सांगायला कंटाळवाणी आणि अनुभवायला त्याहून वाईट. अकबराचं एकच मागणं होतं: फौज द्या, मी गुजरातमार्गे उत्तरेत जातो. महाराजांसमोर एकाच वेळी जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे फिरंगी आणि घाटावर उतरलेली सबंध बादशाही फौज. तीस-चाळीस हजार घोडा उत्तरेला पाठवायचा तर इथले किल्ले कोणी राखायचे? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि म्हणूनच तो तिढा सुटला नाही. कंटाळून अकबर १६८३ मध्ये दक्षिणेला बांदा, डिचोलीकडे सरकला, नोव्हेंबरात वेंगुर्ल्याला जहाजात चढलाही. दुर्गादास आणि कवी कलश धावत गेले आणि समजूत काढून त्याला खाली उतरवलं. त्यानंतर महाराज आणि पोर्तुगीज यांच्यातल्या तहाच्या बोलाचालीत त्याचा उपयोग झाला. जानेवारी १६८४ मध्ये मुअज्जम, तोच आता शहा आलम, रामघाट उतरून डिचोलीवर आला. भाऊ हाती लागला नाही, आणि परतीच्या वाटेवर उपासमारीने त्याच्याच फौजेची दैना झाली. डिचोलीतलं नमाजगाह अकबराच्या काळचं असं तिथे सांगतात. पुढे साखरपा, मलकापूर अशी त्याची ठिकाणं बदलत राहिली. एकदा थोड्या फौजेनिशी त्याने वर मुसंडी मारूनही पाहिली, ती मोगलांनी चाकणजवळ मोडून काढली.

त्या काळात त्याने बापाला लिहिलेलं म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, ते विद्यार्थ्यांना मी नेहमी वाचायला लावतो. रयतेची दुर्दशा, राजपुतांसारख्या निष्ठावंतांचा अपमान, व्यापाऱ्यांची लूट, नोकऱ्यांचा बाजार, सगळं त्यात आहे. आणि बापाविरुद्ध उठल्याच्या ठपक्याला उत्तर असं की, या वाटेवरचे माझे गुरू तर आपणच. शहाजहानला कैदेत टाकणाऱ्याला याहून वर्मी लागणारं दुसरं काही लिहिता आलं नसतं.

फेब्रुवारी १६८७ मध्ये राजापूरहून, बेंडॉल नावाच्या इंग्रजाच्या जहाजातून, चाळीस-पन्नास माणसांनिशी तो इराणला निघाला. विजापूर पडून पाच महिने झाले होते. इराणच का? पणजोबाच्या आजोबाने, हुमायूनने, तेच केलं होतं. शहा तहमास्पने त्याला फौज दिली आणि तो परत येऊन तख्तावर बसला. मोगल घराण्यातल्या परागंदा माणसाला ती गोष्ट तोंडपाठ असणारच. वादळाने जहाज मस्कतला लागलं. तिथल्या इमामाने दोन लाख रुपये आणि सुरतेत जकातमाफी मिळाली तर पाहुण्याला तुमच्या स्वाधीन करतो असं औरंगजेबाला कळवल्याचं खाफीखान लिहितो. इराणच्या शहाचा दबाव आल्यावर सुटका झाली आणि जानेवारी १६८८ मध्ये तो इस्फहानला पोचला. शहा सुलेमानने आदरसत्कार केला, पण फौजेचं नाव काढताच उत्तर मिळालं की बाप जिवंत असताना मुलाला त्याच्यावर सोडणं आमच्याने व्हायचं नाही. पुढे भावांशी झगडा लागला तर पाहू. त्याने ती वाट पाहिली. सरहद्दीच्या दिशेने खुरासानात जाऊन राहिला. तिकडे औरंगजेबानेही मुअज्जमला मुलतान-काबूलच्या बाजूला ठेवलं, त्यामागे या मुलाची धास्ती हे एक कारण होतं. पण सत्तरी, ऐंशी ओलांडूनही म्हातारा गेला नाही. अकबर मशहदला वारला, बापाच्या थोडाच आधी.

त्याला जहाजात बसवून दुर्गादास मारवाडला परतले. अकबराचा एक मुलगा बुलंद अख्तर आणि मुलगी सफियतुन्निसा त्यांच्याच छायेत वाढत होती. पुढे वाटाघाटी होऊन ही मुलं आजोबाकडे गेली. मुलीला धर्माचं शिक्षण द्यायला बाई नेमावी असं औरंगजेब म्हणाला, तेव्हा तिने सांगितलं की दुर्गादासांनी अजमेरहून शिक्षिका आणवून मला कुराण आधीच शिकवलं आहे. आयुष्यभर ज्याचा पाठलाग केला त्या राठोडाबद्दल बादशहाचा सूर त्यानंतर मवाळ झाला.

राहिला नेकुसियर, दोराईच्या छावणीत मागे राहिलेला. तो आग्र्याच्या किल्ल्यात कैदेतच मोठा झाला. १७१९ मध्ये, वयाच्या चाळिशीला टेकला असताना, किल्ल्यातल्या बंडखोरांनी त्याला बाहेर काढून बादशहा म्हणून जाहीर केलं. दिल्ली दरबारावर तेव्हा हुकमत असलेल्या सय्यद बंधूंनी किल्ल्याला वेढा घातला आणि तीन महिन्यांत ती बादशाही संपली. त्याला दिल्लीला नेऊन सलीमगडात ठेवलं. आत्या झेबुन्निसा जिथे मेली होती तिथेच १७२३ मध्ये तोही मेला.